पातेल्याची खरवड

वैशाखातल्या एका बुधवारी सकाळी तनुजाच्या कुरडया घालायला गच्चीवर पाच बायका जमल्या होत्या, आणि त्यांतली कामाची एकटी पूर्णिमाच होती. तनुजानं हे कधी कबूल केलं नसतं, पण पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यालासुद्धा ते दिसत होतं. बाकीच्या चौघी प्लॅस्टिकचा कागद सरळ करत होत्या, मीठ कमी पडलं की जास्त यावर वाद घालत होत्या, पदरानं वारा घेत होत्या. पूर्णिमा उकिडवी बसून पितळी सोऱ्याचा दांडा पिळत होती. गव्हाच्या चिकाची वाफाळती शेव गोल गोल पडत होती आणि एकाशेजारी एक कुरडया उमटत होत्या, सगळ्या एका मापाच्या.

चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की दांडा पिळून खांदा निखळेल, पण चीक हलायचा नाही. म्हणून या कामात थांबता येत नाही, आणि एकटीनं तर ते होतच नाही. त्यासाठी सावड. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पैशाचा प्रश्न नाही आणि उपकाराचाही नाही. धायरीत जिथं ही तीन मजली इमारत उभी आहे, तिथं पूर्वी गोदाबाईंचा कांद्याचा मळा होता आणि खुरपणी सावडीवर व्हायची. मळा गेला, बैल गेले, गोदाबाई घरमालकीण झाल्या. सावड मात्र जिना चढून गच्चीवर येऊन बसली.

"दर्शनी, गुमान बस तिथं," पूर्णिमा मान न वळवता म्हणाली. "पातेलं रिकामं झालं की खरवड तुले देईन."

टाकीच्या सावलीत तिची आठ वर्षांची मुलगी बसली होती. आजोबांनी हौसेनं प्रियदर्शनी नाव ठेवलं होतं, घरात दर्शनी. जिन्यातली मुलं तिला काय म्हणायची ते लिहिण्यात अर्थ नाही. पातेल्याच्या तळाला चिकटलेली चिकाची खरपूस खरवड म्हणजे तिचा जीव की प्राण. अर्धा तास ती खरोखरच गुमान बसली. गुडघ्यांत हनुवटी खुपसून पातेल्याकडे बघत बसली.

मग जिन्याकडून किंकाळी आली. ती कुणाची हे कळायच्या आधी ती कुणामुळे हे पूर्णिमाला कळलं. दोन वर्षांत तिच्या कानांना तेवढं शिक्षण मिळालं होतं.

तनुजाचा सात वर्षांचा राजस दंड धरून रडत होता. दंडावर दातांचं अख्खं कडं उठलं होतं. दर्शनी भिंतीला पाठ लावून उभी, कान लाल, अंगठा मुठीत. पूर्णिमानं काही विचारलं नाही. चिकानं चिकट झालेला हात तसाच उचलला आणि सगळ्यांदेखत मुलीच्या गालावर ओढला. गालाला चीक लागला. मुलगी रडली नाही, आईकडे नुसती बघत राहिली, आणि ते बघणं पूर्णिमाला मारापेक्षा जास्त लागलं.

तनुजानं मुलाच्या दंडावर फुंकर घातली. मग शांतपणे, एकेक शब्द निवडून म्हणाली, "पूर्णिमाताई, कुत्रा चावला असता तर निदान इंजेक्शन कोणतं ते तरी माहीत असतं."

कुणीतरी हसलं. पूर्णिमा परत येऊन सोऱ्यापाशी बसली. एक पातेलं रिकामं झालं होतं, दुसऱ्यात अजून चीक होता, आणि चीक कुणाच्या अपमानासाठी गरम राहत नाही. उरलेल्या कुरडया तिनं घातल्या. त्याही एका मापाच्या झाल्या.

त्या बाईच्या मनगटाचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

पूर्णिमा वाशीमकडची. लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी इथं आली. नवरा रंगनाथ नऱ्ह्याच्या एका कारखान्यात लेथवर. तळमजल्यावर खोली-स्वयंपाकघर, खिडकीखाली शिलाई मशीन, त्यावर ती साड्यांना फॉल लावायची. हे सगळं बरं चाललं होतं. मुलीचं तेवढं चालत नव्हतं. दुसरीत तिनं बाकावरच्या मैत्रिणीच्या तळव्यात पेन्सिल खुपसली. एकाचा चष्मा फोडला. एकदा भाजीवाल्याच्या गाडीवर चप्पल फेकली, कारण त्यानं तिला "ए पोरा" म्हटलं होतं. शाळेचा नंबर मोबाईलवर उमटला की पूर्णिमा आधी पायात चपला घालायची, मग फोन उचलायची. झोपेत ती दात खायची, सकाळी जबडा दुखायचा. वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका यायचा, तो ती गुंडाळून खिडकीच्या गजात खोचून ठेवायची. सकाळी मुलीला बदडायचं आणि दुपारी जीव खालीवर होऊन तिला कुरकुऱ्यांचं पाकीट आणून द्यायचं, हा तिचा रिवाज झाला होता. दोन्हींचा उपयोग होत नाही हे तिला कळत होतं. तिसरं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं.

मार्चमध्ये शाळेत स्पृहा नावाची एक कॉलेजची मुलगी आयांकडून फॉर्म भरून घ्यायला आली होती. मूल मारामारी करतं तेव्हा तुम्ही काय करता? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. पूर्णिमानं खुणा केल्या, थोड्या खऱ्या, थोड्या लाजेखातर. शेवटचा प्रश्न होता, गेल्या आठवड्यात तुम्ही मुलाबरोबर किती वेळा हसलात? तिथं ती अडली. स्पृहा म्हणाली, "अंदाजे लिहिलं तरी चालेल हं, काकू." पूर्णिमाला अंदाजही येईना. ती जागा कोरी राहिली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात कोरीच होती.

बुधवारी संध्याकाळी रंगनाथच्या कानावर हकीकत गेली. घरात शिरण्याआधी जिन्याजवळच तनुजाच्या नवऱ्यानं त्याला गाठलं होतं. डबा खाली ठेवून तो पाटावर बसला, आणि पाणी न पिता म्हणाला, "दादा येऊन राहिला. शनिवारी बिबवेवाडीले लग्न आहे, रविवारी सकाळी इकडे येईन म्हणाला. जाताना तिले घेऊन जाईल."

"सुट्टीपुरती?"

"तिथंच शाळेत घालू. दादाच्या हाताखाली वर्षभरात सरळ होते."

दिगंबरच्या, म्हणजे या थोरल्या दिराच्या, हाताची पूर्णिमाला माहिती होती. पहिल्या दिवाळीला ती सासरी गेली तेव्हा दिगंबरनं स्वतःच्या मुलाला वासराच्या दाव्यानं अंगणातल्या खांबाला बांधलं होतं, भर उन्हात, दुपारभर. कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे आणि बाप दिसला की वाट बदलतो. सरळ झाला म्हणतात तो हाच.

"मी नाही पाठवणार," ती म्हणाली.

"मग रोज कुणाकुणाचे पाय धरू मी? गोदामावशीनं खोली खाली करा म्हटलं तर?" रंगनाथ वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला सोपा मार्ग पटकन शहाणपणाचा वाटतो.

पूर्णिमानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "रविवारी दादा उठून निघेपर्यंत एकही तक्रार आली नाही, तर?"

"येईलच."

"नाही आली तर?"

"नाही आली तर ठेव तुझ्याजवळ. पण एक जरी आली ना पूर्णिमा, तर मग डोळ्याले पदर लावायचा नाही."

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मुलगी ताटात डाळ ओतत होती. ती थांबल्याचं पूर्णिमाला ऐकू आलं. उठून तिनं चार शेर गहू निवडले, तीन पाण्यांनी धुतले आणि भिजत घातले. रविवार तिच्या कुरडयांचा होता. गव्हाला तीन दिवस लागतात, कुणाचे दीर येवोत की जावोत.

गुरुवारी तिनं मुलीला खोलीबाहेर सोडलंच नाही. दार लावून मशीनवर बसली. अकरा वाजेपर्यंत मुलीनं कपाटाला लाथा घातल्या, बॉबिनची डबी सांडली, पंखा बंद-चालू केला. पूर्णिमा ओरडून ओरडून घोगरी झाली. तक्रार काही आली नाही, पण दिवस संपताना आपणच दोघी कैदेत आहोत असं तिला वाटलं. गव्हाचं पाणी बदलताना त्यात हात बुडवून ती नुसती बसून राहिली.

शुक्रवारी तिनं दार उघडं ठेवलं आणि स्वतःच पाठोपाठ राहिली. नळावर, वाण्याकडे, जिन्यात. डोळ्यात तेल घालून बघत होती, आणि बघता बघता तिला काही दिसलं. हात उचलण्याआधी दर्शनीचा अंगठा मुठीत जायचा. मग कान लाल व्हायचे. मग दोन श्वासांइतकी एक फट असायची. त्या फटीत आजवर पूर्णिमा किंचाळत आली होती आणि फट बुजत आली होती. शुक्रवारी दुपारी सायकलवर आधी कुणाचा नंबर यावरून जिन्यातल्या एका मुलीशी वाजलं आणि अंगठा मुठीत गेला, तेव्हा पूर्णिमा घाईनं म्हणाली, "दर्शनी, माही सुई पडली, शोध बरं." मुलगी गोंधळली. सुई शोधायला खाली वाकली. सुई पडलेली नव्हतीच. हे रोज चालणारं नाही हे पूर्णिमाला कळत होतं, पण तो दिवस निभावला.

शनिवारी गहू वाटायचा होता. दोघींनी मिळून तो मिक्सरमधून काढला, पाण्यात कालवला, आणि पूर्णिमानं लगदा मुलीपुढं सरकवला. "पीळ. सगळं दूध निघालं पाहिजे."

दर्शनीनं लगदा मुठीत धरून पिळला. आधी रागानं, कारण बाहेर मुलं खेळत होती. पण पिळलं की पांढरं दूध बोटांतून फुटून यायचं, तशी ती त्यात गुंगली. भुसा इतका कोरडा झाला की फुंकर मारली तर उडावा. दोन वर्षं ज्या मुठीच्या नावानं पूर्णिमा बोटं मोडत होती, तीच मूठ ती पहिल्यांदा कौतुकानं बघत होती. मुलगी गुणगुणत होती. शाळेतली बडबडगीताची चाल होती कुठलीतरी. पूर्णिमानं मान खाली घातली, कारण बघितलं की ती थांबेल.

चीक फडक्यातून गाळून मोठ्या पातेल्यात निवळायला ठेवला आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. गच्चीवरच्या बायकांचा ग्रुप होता. तनुजाचा निरोप: 'उद्या आम्ही येऊ शकणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गैरसमज नसावा.' खाली जोडलेले हात. त्याखाली चौघींतल्याच नम्रताचा अंगठा. आणखी दोन अंगठे.

पूर्णिमानं ते दोनदा वाचलं. या मोसमात तिघींकडे ती गेली होती. एकीकडे तर ताप अंगात असताना. गहू वाटायच्या आधी कळवलं असतं तर निदान गहू वाळवून ठेवता आला असता. आता चीक निघाला होता, आणि वैशाखात निघालेला चीक एक रात्र थांबतो, दुसरी थांबत नाही. आंबट होतो, तांबडा पडतो, फेकावा लागतो.

ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, मोरीत तोंड घालून. मग तोंड धुऊन भाकऱ्या टाकायला बसली.

रविवारी उजाडता उजाडता तिनं शेगडी, सिलिंडर, पातेली गच्चीवर चढवली. तीन खेपा झाल्या. रंगनाथ दिगंबरला आणायला निघून गेला होता. चौथ्या खेपेला चिकाचं पातेलं घेऊन वर आली, तर पाठीमागून सोऱ्या छातीशी धरून दर्शनी.

"बाकीच्या काकू?"

"नाही येत."

"माझ्यामुळं?"

खोटं बोलायचं पूर्णिमाच्या ओठांवर आलं होतं. "हो," ती म्हणाली. "थोडं तुझ्यामुळं. पण चीक तर घालावाच लागेल."

आधणाला बुडबुडे आले. मीठ पडलं, हिंग पडला. आता खरी अडचण होती. एकीनं चीक बारीक धारेनं ओतायचा आणि दुसरीनं चाटू फिरवत राहायचं, क्षणभरही न थांबता. एकटीनं केलं की गुठळ्या झाल्याच.

"मी ओतते," दर्शनी म्हणाली.

पूर्णिमानं उकळत्या पातेल्याकडे पाहिलं, मुलीच्या हातांकडे पाहिलं. मग तिनं तांब्या भरून मुलीच्या हातात दिला, तिला शेगडीपासून हातभर दूर पालथ्या बादलीवर उभं केलं. "करंगळीएवढी धार. तुटू द्यायची नाही, वाढू द्यायची नाही."

धार पडू लागली. मुलीनं जीभ दातांत धरली. पूर्णिमाचा चाटू गरगर फिरत होता. पहिला तांब्या झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला कावळा ओरडला, मुलगी दचकली आणि अर्धा तांब्या भसकन पातेल्यात गेला. पांढरी मोठी गुठळी वर आली.

पूर्णिमाचा डावा हात उठला. सवयीनंच उठला, तिनं उचललाही नव्हता. आणि तिला दिसलं, मुलीचे खांदे कानांपर्यंत गेले होते. डोळे मिटलेले, गाल पुढं केलेला. मार कुठं बसणार ते माहीत असलेला गाल.

तो हात पूर्णिमानं चाटूवर आणून ठेवला. दोन्ही हातांनी गुठळी कडेला दाबली, घोटली.

"फुटते," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला ओळखू आला नाही. "घोटत राहिलं ना, की फुटते. ओत तू."

मुलीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. धार परत सुरू झाली, करंगळीपेक्षाही बारीक.

चीक चकचकीत झाला, झाकण ठेवून वाफ दिली. "बुधवारी," दर्शनी मधेच म्हणाली, "तू म्हणाली होतीस खरवड मला. राजसच्या आईनं त्याला दिली. तू बघितलंपण नाही."

पूर्णिमाचा हात झाकणावरच थांबला. तिला आठवेना. मग आठवलं. सोऱ्या पिळता पिळता, मान न वळवता, गप्प बसावं म्हणून बोललेली गोष्ट. अशा किती बोलली असेल ती. नंतर देईन, उद्या आणीन, रविवारी नेईन. बोलून मोकळी व्हायची, आणि ही बाई हनुवटी गुडघ्यांत घालून वाट बघत बसायची.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण चावायचं नाही. चावणं चूक ते चूक. माह्याकडं यायचं, आणि म्हणायचं, आई, माही खरवड."

"तू ऐकत नाहीस."

"ओरडून म्हण. मी आता ऐकीन."

मग सोऱ्या. दांडा पिळायला पूर्णिमाचं मनगट पुरायचं, पण सोऱ्या भरायचा, कागद सरकवायचा, पातेलं झाकायचं हे सगळं एकटीनं म्हणजे चीक गार होणार. दोन घाण्यांनंतर दर्शनीनं दांडा मागितला. तिनं तो हातांनी पिळलाच नाही, पोट लावून, सगळ्या अंगानं पिळला. कुरडया वेड्यावाकड्या पडू लागल्या. तळवे लाल झाले, सोडायला तयार नाही. एक कुरडई लांबट पडली, दोन्ही टोकांना वर वळलेली.

"हे बघ, दिगंबरकाकांची मिशी."

पूर्णिमाला हसू फुटलं. तिनं आवरलं, आवरेना. पोट धरून ती टाकीला टेकली आणि पदर तोंडात घालून हसली. मुलगी तिच्या हसण्याला हसली. त्या कोऱ्या जागेत काय लिहायचं ते एवढ्या दिवसांनी तिला सुचलं, पण फॉर्म केव्हाच गेला होता.

आठच्या सुमाराला गोदाबाई एकेक पायरी मोजत वर आल्या. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी जेरीस आणलेली बाई. गच्ची बघितली आणि कमरेवर हात ठेवला. "आं? एकलीच हायस व्हय गं? कुठं मेल्या बाकीच्या?"

"कामं असतील मावशी."

"कामं!" गोदाबाईंनी पालथी बादली ओढून बसकण मारली. "आमच्या टायमाला सावड बुडवली तर पुढल्या साली बांधावर कुनी उभं करत नव्हतं." आणि कागदाची एक बाजू पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली. तेवढं त्यांना जमत होतं, आणि तेवढं त्यांनी शेवटपर्यंत केलं.

मागोमाग रंगनाथ आणि दिगंबर आले. दिगंबर धिप्पाड, पांढऱ्या कपड्यांतला, मिशी खरोखरच दोन्हीकडे वर वळलेली. दर्शनीनं आईकडे पाहिलं. पूर्णिमानं घाईनं मनगटानं पदर डोक्यावर ओढला आणि ओठ चावला.

"काय पूर्णिमा, पोरीची पिशवी भरली का?" दिगंबर म्हणाला.

"बसा भाऊजी. चीक खाता का, गरम आहे."

"खाऊ. संध्याकाळी गाडी आहे. आजपर्यंत काही कुरापत?"

"नाही," रंगनाथ म्हणाला. त्यालाच त्याचं नवल वाटत होतं.

आणि त्याच वेळी राजस जिन्यातून वर आला. मुलांना कुठला ग्रुप आणि कुठला निरोप? त्याला चिकाचा वास आला होता. दर्शनी दिसली तसा तो बिचकला, मागं सरकला, आणि मागं सरकताना त्याचा पाय कागदावर पडला. तीन कुरडया चपट्या झाल्या. मिशीची त्यांतच होती.

दर्शनी उठली. हातात सोऱ्या, पितळेचा, शेरभर वजनाचा. अंगठा दिसत नव्हता पण कान दिसत होते.

"दर्शने!" रंगनाथ ओरडला. दिगंबरनं हाताची घडी सोडली. जिन्यात तनुजा येऊन उभी राहिली होती, मुलाला शोधत.

पूर्णिमा जागची हलली नाही. हलली असती तर फट बुजली असती. ती फक्त म्हणाली, नेहमीच्या आवाजात, "दर्शनी, चीक गार होऊन राहिला."

एक श्वास गेला. दुसरा गेला. मुलीनं सोऱ्या खाली ठेवला, आपटला नाही, ठेवला. मग वळली, टाकीपाशी गेली आणि काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीला तिनं लाथ घातली. धाड. परत धाड. चार-पाच घातल्या. मुठींनीही बडवलं. "माझी मिशी मोडली! माझी मिशी मोडली त्यानं!" टाकी ढोलासारखी वाजत होती. कावळा उडून गेला. दम लागला तेव्हा ती थांबली, फ्रॉकनं नाक पुसलं, परत येऊन बसली आणि सोऱ्या उचलला.

दिगंबरनं भावाकडे पाहिलं. "पाहिलं? लाथा मारून राहिली! पोरीची जात ही! अजून कशाची वाट पाहून राहिला तू?"

आयुष्यात पूर्णिमा मोठ्या दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. चिकट हातांनी तिनं पदर सारखा केला आणि मान वर केली.

"टाकीले मारल्या, भाऊजी. पोराले नाही. आमचं ठरलं होतं, तक्रार आली तर तुमच्यासंगं पाठवायचं. टाकीनं तक्रार केली तर सांगा, पिशवी भरते."

मग बादलीवरून खणखणीत आवाज आला.

"टाकी माझी हाय," गोदाबाई म्हणाल्या. "माझी काय बी तक्रार न्हाय." आणि जिन्याकडे मान वळवून, "तुजी हाय का गं तनुजा? तुज्या पोरानं तीन कुरडया तुडवल्या, मी आपलं इचारते."

तनुजानं राजसचा हात धरला. "नाही," ती म्हणाली. जरा थांबली. "आज नाही."

रंगनाथ इतका वेळ उभा होता. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मुलीशेजारी मांडी घातली आणि तिच्या लाल तळव्यांतून सोऱ्या हळूच काढून घेतला. "दे," तो म्हणाला, "तू मिशी घाल, दांडा मी पिळतो." लेथवर बारा वर्षं काढलेला माणूस, पण पहिली कुरडई त्याच्या हातून अशी काही पडली की गोदाबाईंनी तिकडं बघायचंच टाळलं.

पातेलं रिकामं झालं तेव्हा पूर्णिमानं ते उचललं आणि कुणी विचारायच्या आत मुलीच्या पुढ्यात ठेवलं. दर्शनीनं सगळी खरवड एकटीनं खाल्ली. राजस जिन्यातून बघत होता. त्याला तिनं काही दिलं नाही, आणि पूर्णिमानंही दे म्हटलं नाही. पातेलं घासायला टाकताना मात्र मुलीनं चाटू त्याच्या दिशेनं धरला. त्याला बराच चीक लागलेला होता.

दिगंबर संध्याकाळच्या गाडीनं गेला, एकटाच. जाताना पुतणीच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि म्हणाला, "लाथ चांगली आहे, हो." तिच्या बापाकडे न बघता म्हणाला.

ऊन उतरल्यावर पूर्णिमा गच्चीवर कुरडया उलटत होती. पाठ भरून आली होती, बोटांची सालं निघाली होती, जबडा मात्र दुखत नव्हता. दर्शनी कडेला पालथी पडून आपल्या वाकड्या कुरडया वेगळ्या काढत होती. हे एका दिवसात संपलेलं नाही हे पूर्णिमाला ठाऊक होतं. सोमवारी नाहीतर मंगळवारी फोन येईल, कुणाचा तरी दंड, कुणाचा तरी चष्मा. तिला भीती वाटत होतीच. पण आज सकाळपासून तिनं मुलीवर हात टाकला नव्हता, आणि हे तिच्याच आत्ता लक्षात आलं.

तनुजा वर आली. कठड्याशी उभी राहून वाळणाऱ्या कुरडयांवरून नजर फिरवली. "सरळ आलेल्या तुमच्या, वाटतं."

"हो. वाकड्या तिच्या."

"हं." तनुजा घुटमळली. "उद्या नम्रताकडे आहेत. तिचं पातेलं मोठं आहे, हात कमी पडतायत." पुढचं वाक्य तिला जड गेलं. "येताय ना?"

पूर्णिमानं हातातली कुरडई नीट उलटून ठेवली. नाही म्हणायचा तिला हक्क होता, आणि म्हणाली असती तर गोदाबाईंनी पाठ थोपटली असती. ती उठली, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश.

"येते," ती म्हणाली. "पण दर्शनी माझ्यासंगं येईल. धार तीच धरेल. आणि पातेल्याची खरवड तिची, हे आजच सांगून ठेवते."